चार मिनिटांचं ऊन

पहाटे ३.५०

गजर चारचा लावलेला, पण जाग दहा मिनिटं आधीच येते. साताऱ्यात मुक्काम आहे. मे महिन्याचा दुसरा आठवडा. रात्रभर उकडत होतं, आता कुठं जरा गार झुळूक यायला लागली आहे. बॅग मी रात्रीच भरून ठेवतो. दोन कॅमेरे, तीन लेन्स, ट्रायपॉड आणि त्याची प्लेट, दोन फिल्टर, लेव्हल बघायचा बुडबुडा, टॉर्च, पाण्याच्या चार बाटल्या आणि एक वही. वहीचं काम रात्री येतं.

माझं काम म्हणजे माणसानं भूमीवर जे बांधून ठेवलंय त्याचे फोटो काढणं. विहिरी, घाट, बांध, पाट, विजेचे मनोरे, पवनचक्क्या. लोक विचारतात, "म्हणजे निसर्गाचे फोटो काढता का?" मी म्हणतो, निसर्गाचे आणि त्यात राहणाऱ्या माणसाचेही. महाराष्ट्रात असा डोंगर शोधून दाखवा ज्याच्यावर कुणी पायवाट पाडली नाही, दगड रचला नाही, देव मांडला नाही. मग फोटोतच तेवढा माणूस का पुसायचा?

आजच्या तीन जागा ठरल्या आहेत: चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, लिंबची बारामोटेची विहीर आणि मेणवलीचा घाट. क्रम मी ठरवलेला नाही, सूर्यानं ठरवला आहे. त्यातही आजच्या तारखेचं सगळं महत्त्व दुपारच्या विहिरीसाठी आहे.

५.१५

सज्जनगडाचा फाटा मागे टाकून ठोसेघरच्या रस्त्यानं वर आलो. ठोसेघरचा धबधबा आत्ता कोरडा असणार, त्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नाही. चाळकेवाडीच्या पठारावर गाडी थांबवून दार उघडलं की पहिला भेटतो तो वारा. उगाच नाही इथं चक्क्या उभ्या केल्या. पावसाळा जवळ आला की हा वारा अंगात शिरतो, ट्रायपॉड थरथरायला लागतो. मी ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी लटकवतो आणि पाय शक्य तितके पसरून कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणतो. उंच उभ्या केलेल्या ट्रायपॉडनं या पठारावर कधीच स्वच्छ फोटो दिलेला नाही.

अंधारात चक्क्या दिसत नाहीत, ऐकू येतात. पातं खाली येताना हवा कापल्याचा आवाज, मग क्षणभर शांतता, मग पुढचं पातं. मी उभा राहून मोजतो. एका पात्यानंतर दुसरं येईपर्यंत साधारण एक सेकंद. पाती तीन, म्हणजे पूर्ण फेरी तीन सेकंदांची. हे मोजणं फार गरजेचं आहे. शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते यावरून ठरतं. पूर्ण एक सेकंद ठेवलं तर प्रत्येक पातं पुढच्या पात्याच्या जागी पोहोचतं आणि चक्कीच्या जागी एक धुरकट चकती उरते. १/५०० सेकंद ठेवलं तर पाती गोठतात, चक्की बंद पडल्यासारखी दिसते. मला हवा असतो पाव सेकंद. तेवढ्यात पातं तीस अंश फिरतं, टोकाकडे विरघळतं आणि मुळाशी घट्ट राहतं. बघणाऱ्याला वारा दिसतो.

५.४० ते ६.४०

पूर्वेला फटफटलं. आता बोलायचं नाही, काम करायचं.

जांभ्याचा सडा आहे हा. सप्टेंबरात याच सड्यावर आणि पलीकडे कासला फुलांचा गालिचा असतो आणि सगळे कॅमेरे तेव्हाच इथं येतात. मे महिन्यात गवत करपलेलं, काही ठिकाणी वणव्यानं काळं पडलेलं, मधूनच जांभ्याचा लालसर पोपडा उघडा. मला हा सडा या दिवसांतच आवडतो. गवत नसलं की जमिनीवरच्या रेघा दिसतात: चक्कीच्या पायथ्याशी नेलेला खडीचा रस्ता, केबल पुरल्याचा चर, गुरांनी पाडलेली वाट, कुणी तरी हद्दीला रचलेले दगड. यातली गुरांची वाट सगळ्यात जुनी आणि चक्कीचा रस्ता नव्वदच्या दशकाच्या शेवटापासूनचा. दोन्ही एका चौकटीत बसवायच्या, तेही एकीनं दुसरीला खाऊ न देता. मी वीसेक मिनिटं फक्त पावलं मागे-पुढे करण्यात घालवतो. दोन पावलं डावीकडे सरकलं तर वाट चक्कीच्या खांबाच्या मागून निघाल्यासारखी दिसते, तिथंच थांबतो.

सहाच्या सुमारास सूर्य वर येतो. क्षितिजावर मे महिन्याची धूळ, त्यामुळे आधी फक्त तांबडा गोळा दिसतो, डोळ्यांना सहन होणारा. खरा खेळ त्यानंतर वीस मिनिटांनी. सूर्य क्षितिजापासून पाच अंशांवर आला की कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या अकरापट पडते. चक्कीचा मनोरा मुळातच उंच, त्याची सावली सडा ओलांडून पार पलीकडच्या उतारावर जाते. आणि पात्यांच्या सावल्या! जमिनीवरून एकामागोमाग एक काळे पट्टे सरकत जातात, चरणाऱ्या शेरडांच्या पाठीवरून, दगडांवरून, माझ्या कॅमेऱ्यावरून. मी चक्कीकडे पाठ करून फक्त सावलीचे फोटो काढतो. आज सकाळचा सगळ्यात चांगला फोटो तोच आहे: चक्की चौकटीत नाहीच, जमिनीवर तिचं एक पातं आणि त्या पट्ट्यात उभी एक शेळी.

या चक्क्यांपायी एकदा माझं काम हातचं गेलं होतं. एका रिसॉर्टच्या माहितीपत्रकासाठी अशाच पठाराचे फोटो मागवले होते. फोटो आवडले, पण निरोप आला की मागच्या पवनचक्क्या आणि विजेचे मनोरे कॉम्प्युटरवर पुसून द्या, पाहुण्यांना "स्वच्छ" डोंगर हवा असतो. मी दिले नाहीत. त्या पाहुण्याच्या खोलीतला एसी ज्या विजेवर चालतो ती याच तारांतून येते. आलेला पाहुणा खिडकी उघडणार आणि त्याला चक्क्या दिसणारच. फोटोनं खोटं बोलून कुणाचं भलं होणार होतं? चक्क्यांनी पठाराचं रूप बदललं हे खरं आहे, रस्त्यांमुळे सड्याचं नुकसानही झालं आहे, आणि मला ते सलतं. पण पुसलेल्या फोटोत ते नुकसानही पुसलं जातं. वाद घालायला सुद्धा पुरावा उरत नाही.

७.४५

उतरताना ठोसेघरजवळ चहा आणि गरम पोहे. शेजारी एक मावशी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या आहेत. दोन द्रोण घेतले, एक गाडीतच संपला.

"कशाचं फोटू काढलं?" मावशींनी विचारलं.

"चक्क्यांचं."

"आन् आमच्या जाळ्यांचं न्हाई?" म्हणजे करवंदीच्या जाळ्या. पुढच्या खेपेला नक्की, म्हटलं, आणि वहीत लिहून ठेवलं.

१०.१५

पुणे-सातारा महामार्गावरून लिंब फाट्याला वळलो. लिंब हे कृष्णाकाठचं गाव. विहीर त्याच्या शेरी भागात, ऊस आणि झाडीच्या मध्ये. लांबून काहीच दिसत नाही. महाराष्ट्रातल्या बारवांचं हे मला फार जवळचं वाटतं: देऊळ आकाशात चढतं, किल्ला डोंगरावर बसतो, आणि ही वास्तू जमिनीच्या आत उतरते. काठावर येईपर्यंत तिचा पत्ता लागत नाही.

छत्रपती शाहू महाराजांच्या काळात श्रीमंत विरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधून घेतली. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा: अष्टकोनी मुख्य विहीर आणि तिला जोडलेला जिना. खोली ११० फूट आणि व्यास ५० फूट सांगतात. मोटा लावायला पंधरा जागा आहेत, पण एका वेळी बारा चालत, म्हणून बारामोटेची. हे पाणी आमराईला जायचं. तिथं ३,३०० आंब्याची झाडं होती असं गावात सांगतात.

जिना उतरून कमानीतून आत गेलं की उन्हातून एकदम गारव्यात येतो. विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल आहे. खांबांवर गणपती आहे, मारुती आहे, हत्ती, घोडेस्वार. भिंतीवर शरभ कोरलेले. डोक्यावर मोटांची जागा, पायाखाली पाणी आणि मध्ये बसायला दालन. उन्हाळ्यात राजघराण्यातली माणसं इथं का येत असतील ते या दालनात पाच मिनिटं बसलं की अंगाला कळतं.

मी लगेच कॅमेरा काढत नाही. आधी पारव्यांना माझी सवय होऊ देतो. मोहोळ कुठं आहे ते बघून ठेवतो, कारण असल्या विहिरीत आग्या मोहोळ असेल तर फ्लॅशचा विचारही करायचा नाही आणि अत्तर-बित्तर लावून तर यायचंच नाही. मग पायऱ्या चाचपून बघतो. कुठली हलते, कुठल्या पायरीवर शेवाळ आहे.

११.३०

आता आजची तारीख का, ते सांगतो.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्याला वर्षातून दोन दिवस असे मिळतात की मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. वर्तमानपत्रात शून्य सावलीचा दिवस म्हणून बातमी येते. सातारा-लिंबच्या अक्षांशावर हा दिवस १० - ११ मेच्या सुमारास पडतो. दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला पडतो, पण तेव्हा साताऱ्याच्या आकाशात ढगांचं छत असतं. म्हणजे खऱ्या अर्थानं वर्षाला एकच संधी.

इतर दिवशी काय होतं? दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, इथं भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ५४ अंशांवरच असतो, दक्षिणेकडे कललेला. विहिरीची उत्तरेची भिंत लख्ख उजळते आणि दक्षिणेची काळीकुट्ट राहते. कॅमेऱ्याला हा फरक पेलत नाही. उजेड धरला तर अंधाराची बाजू शाई सांडल्यासारखी होते आणि अंधार धरला तर उजेडाची बाजू जळून पांढरी पडते. पाच-सात एक्स्पोजर काढून जोडता येतात, मी जोडलेलेही आहेत, पण असल्या फोटोत दगड प्लास्टिकचे दिसायला लागतात.

शून्य सावलीच्या दुपारी मात्र ऊन सरळ खाली पडतं. साडेबाराच्या आधी पश्चिमेकडची भिंत उजेडात, नंतर पूर्वेकडची. पण या दोहोंच्या मध्ये एक क्षण असा येतो की ऊन आठही भिंतींना घासत खाली उतरतं. सूर्याच्या बिंबाची रुंदी अर्धा अंश, आणि चार मिनिटांत सूर्य साधारण एक अंश सरकतो. त्यामुळे तो क्षण म्हणजे फार तर दोन ते चार मिनिटं. त्या उन्हात भिंत सपाट दिसतच नाही. छिन्नीचा प्रत्येक घाव, दोन दगडांमधली प्रत्येक सांध, शरभाच्या आयाळीची प्रत्येक वळी आपली बारीक सावली सरळ खाली टाकते. तीनशे वर्षांपूर्वी पाथरवटानं हात कसा चालवला ते वाचता येतं.

जर्मनीचे बर्न्ट आणि हिला बेशर हे नवरा-बायको याच्या नेमकं उलट करायचे, हे मला इथं दरवेळी आठवतं. १९५९ पासून पुढे कित्येक वर्षं त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांचे फोटो काढले. नेहमी ढगाळ हवेत, नेहमी समोरून, म्हणजे सावलीनं आकार बिघडू नये. मग एकसारखे नऊ-बारा फोटो शेजारी शेजारी लावायचे. ज्याला लोक कुरूप म्हणत होते त्यात किती जातीचे आकार आहेत ते तेव्हा कुठं दिसलं. १९७५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये 'न्यू टोपोग्राफिक्स' नावाचं प्रदर्शन भरलं, त्यात बेशर होते आणि आठ तरुण अमेरिकी छायाचित्रकार. विषय होता माणसानं बदललेली भूमी: गोदामं, वसाहती, पार्किंग. तोवर भूदृश्य म्हणजे बर्फाचा डोंगर आणि नितळ तळं अशी समजूत होती. तिला पहिला मोठा धक्का तिथं बसला. पुढे कॅनडाच्या एडवर्ड बर्टिन्स्कीनं खाणी आणि कारखाने मोठ्या आकारात टिपले आणि २०१० मध्ये राजस्थानच्या बावड्यांपर्यंत येऊन पोहोचला. आपल्याकडे बारवांची नोंद ठेवण्याचं काम महाराष्ट्र बारव मोहिमेच्या मंडळींनी गावोगाव फिरून चालवलं आहे, गाळ काढलाय, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावलेत. ते काम माझ्या फोटोंपेक्षा मोठं आहे.

बेशर ढगाची वाट बघायचे. मी इथं ढग येऊ नये म्हणून आकाशाकडे बघत बसलोय. गेल्या वर्षी सगळी तयारी झाली, बारा वाजून वीस मिनिटांनी एक ढग आला आणि पाऊण तास हलला नाही. साताऱ्याहून रिकाम्या हातानं परतलो होतो.

१२.०५

कॅमेरा महालाच्या कठड्याशी लावला. रुंद लेन्स. बुडबुडा मध्यावर, म्हणजे खांब सरळ उभे दिसतील. रुंद लेन्स जरा खाली झुकवली की खांबांच्या रेघा तिरप्या होतात आणि विहीर कोसळत असल्यासारखी वाटते. काळा पाषाण मीटरला फसवतो. मीटर सगळ्या जगाला मध्यम करडं समजतं, काळ्या दगडालाही करडा करायला बघतं. म्हणून एक्स्पोजर दीड स्टॉप खाली. पाण्याची चकाकी दाबायला पोलरायझर.

वरून एक आजोबा काठावर येऊन वाकले. धोतर, बंडी, डोक्याला टॉवेल.

"काय वं पाव्हणं, फोटू काढताय व्हय?"

"हो आजोबा. ऊन खाली यायची वाट बघतोय."

"ऊन काय, रोजच येतंय की."

"आज सरळ येणार आहे."

ते उतरून आले. पायऱ्यांची त्यांना माझ्यापेक्षा चांगली ओळख. खांबाला टेकून बसले आणि आपल्या मळ्यातल्या विहिरीबद्दल बोलायला लागले. त्यांच्या वडिलांनी मोट हाकलेली, यांनी लहानपणी पाहिलेली. "मोट भरली की बैलं धावंवरनं खाली जायाची. तवा आमचा म्हातारा नाड्यावर बसायचा, आन् मला पुढ्यात घ्यायचा. झोपाळाच की वं त्यो. मोट वर आली की सोंड थारोळ्यात पडायची, भसाभसा पानी. मग बैलं मागं मागं सरकत वर."

धाव म्हणजे बैलांनी उतरायची उतरती वाट. नाडा हा मोटेचा जाड दोर, सोंदूर हा सोंडेचा बारीक दोर, आणि पाणी पडतं ते दगडी थारोळं. हे शब्द मी वहीत उतरवून घेतले, त्यांच्या तोंडून आले तसेच. बारा मोटा एका वेळी चालायच्या म्हणजे बारा बैलजोड्या, बारा मोटकरी, बारा थारोळी. आज इथं पारवे घुमतात तेवढाच आवाज आहे.

१२.२७ ते १२.३२

पश्चिमेच्या भिंतीवरचं ऊन चढत नाही, पातळ होत जातं. मग दिसतं की समोरच्या भिंतीच्या वरच्या कोनाड्याची कड उजळली. मी श्वास रोखून रिमोट दाबतो. दर दहा सेकंदांनी एक फोटो. भिंती भिंतींनी उजेड खाली घसरायला लागतो. शरभाचा पंजा भिंतीतून बाहेर आल्यासारखा उठतो. सांधीसांधीतून काळी रेघ. खाली हिरव्या पाण्यात सूर्य थेट दिसायला लागतो, आणि त्याचा थरथरता उजेड महालाच्या छतावर, उलटा. खालून वर आलेलं ऊन! याची मी कल्पना केली नव्हती.

"आजोबा, तिथंच बसा. हलू नका."

ते हलले नाहीत. खांबाला टेकलेले आजोबा, डोक्यावर पाण्याचा उजेड, मागे आठही भिंती. त्यांच्यामुळे विहिरीची उंची कळते. माणूस नसलेल्या फोटोत ही वास्तू दहा फुटांची आहे की शंभर, काही सांगता येत नाही.

१२.३१ ला पश्चिमेची भिंत काळवंडायला लागली. १२.३२ ला संपलं. एकोणतीस फोटो. आकाशात ढग नव्हता.

आजोबांना स्क्रीनवर फोटो दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितला. स्वतःकडे नाही, भिंतीकडे. "एवढं काम हाय व्हय ह्यात," म्हणाले.

२.००

महामार्गावरच्या खानावळीत पिठलं-भाकरी, ठेचा, ताक. कार्डं लगेच दोन डिस्कवर उतरवली. एक डिस्क बॅगेत, एक माझ्या खिशात. आजचे फोटो पुन्हा काढायला वर्षभर थांबावं लागेल.

४.१५

पाचवडवरून वाईच्या रस्त्याला लागलो तर पांडवगडाच्या मागून ढग उठलेले. वळीव. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग गारांचा मारा. रस्त्याकडेच्या झाडाखाली थांबायचं नाही, वीज पडते. गाडी मोकळ्यावर उभी करून काचा बंद केल्या. चाळीस मिनिटांत थांबला. मातीचा वास गाडीच्या आतपर्यंत आला.

५.३०

मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे कृष्णेत उतरणारा घाट. 'स्वदेस' चित्रपटातला घाट म्हणून लोक इथं येतात, आणि देवळाजवळच्या घंटेचा फोटो काढून जातात. घंटेची गोष्ट मोठी आहेच. तिच्यावर १७०७ हे साल आहे, बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या अशा घंटा मराठ्यांकडे आल्या आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांत लागल्या.

पण मी आज घंटेसाठी आलेलो नाही. पायऱ्यांसाठी आलोय, आणि वळवानं मला मोठं दान दिलं आहे. कोरडा पाषाण करडा, धुळकट दिसतो. ओला झाला की काळाभोर होतो आणि पायऱ्यांमधले खोलगट भाग पाण्यानं भरतात. जिथं जिथं पाणी साचलं तिथं तिथं पिढ्यान्‌पिढ्या पावलं पडली आहेत, कपडे आपटले आहेत, कळश्या टेकल्या आहेत. एरवी न दिसणारी झीज आत्ता आरशासारखी चमकते. पोलरायझर काढून ठेवला. इथं चकाकीच हवी. कॅमेरा अगदी पायरीला टेकवून लावला आणि लांबच्या लेन्सनं पायऱ्या एकमेकींवर दाबून घेतल्या. दगडाच्या आठ-दहा आडव्या रेघा आणि प्रत्येक रेघेत आकाशाचा एक तुकडा.

दोन बायका धुणं घेऊन आल्या. एकीनं विचारलं, "दादा, आमचा फोटो येतोय का?" येणार असेल तर सांगतो आणि विचारूनच काढतो, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, हातांचा काढा, तोंडाचा नको. तसाच काढला: ओल्या पायरीवर दोन हात आणि पिळलेली साडी. घाट ज्या कामासाठी बांधला ते काम आजही त्याच्यावर चालू आहे.

६.५८

सूर्यास्त. धोम धरणाच्या बाजूला आलो. धरणाच्या भिंतीकडे कॅमेरा वळवायचा नाही. तिथं मनाईचा फलक आहे आणि तो मी पाळतो. लांबून जलाशय मिळतो. मे महिन्यात पाणी उतरलेलं, काठाच्या मातीवर जिन्यासारख्या रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे पाणी जिथं काही दिवस थांबलं होतं ती जागा. एकामागे एक कितीतरी. मागे कमळगडाची काळी आकृती. पाच-सहा फोटो काढले. आणखी काढायची गरज वाटली नाही.

९.४०

मुक्कामावर आलो. आता वही.

फोटो निवडण्याआधी मी प्रत्येकाची नोंद करतो, कितीही दमलो असलो तरी. "लिंब, जि. सातारा. बारामोटेची विहीर. शके १६४१ - ४६. काळा पाषाण. मध्यान्ह, शून्य सावली. खांबाशी बसलेले गृहस्थ शेजारच्या मळ्यातले, त्यांनी सांगितलेले शब्द: धाव, नाडा, सोंदूर, थारोळं." "चाळकेवाडी. पवनचक्कीची सावली. सकाळी ६.२३." "मेणवली घाट. वळवानंतर. हात परवानगीनं." सुंदर फोटो महाराष्ट्रात आता रोज लाखांनी निघत असतील, हातात फोन प्रत्येकाच्या आहे. पण पन्नास वर्षांनी तो फोटो कुठल्या विहिरीचा, ती तेव्हा भरलेली होती की बुजवलेली, चक्की तिथं कधीपासून होती, हे सांगणारी ओळ सोबत नसेल तर त्या फोटोचा उपयोग निम्मा होतो. चालत्या मोटेचा फोटो मी किती वर्षं शोधतोय. मिळतात, पण मागे ना गावाचं नाव असतं ना साल.

एकोणतीसमधला एकच निवडला. १२.२९ चा. आजोबा, आठ भिंती आणि छतावरचं ऊन. त्याची प्रत छापून आजोबांना द्यायची आहे, ते लिंबच्या एस.टी. थांब्याजवळ भेटतात असं म्हणाले.

तुमच्या घरी जुन्या विहिरीचा, घाटाचा, चालत्या मोटेचा एखादा फोटो अल्बममध्ये पडून असेल तर उद्याच तो काढा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा आणि फोटोच्या मागे गावाचं नाव, साल आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहून घ्या. मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.